प्लेटलेटचं दुसरं काम

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वेगळाच स्कोअरबोर्ड सुरू होतो. "अरे, तुझ्या किती?" "काल नव्वद हजार, आज बहात्तर!" हे क्रिकेटचे रन नव्हेत, हे डेंग्यूवाल्यांचे प्लेटलेट काउंट. मग कोणी पपईच्या पानांचा रस आणतो, कोणी किवी आणतो (आणि अर्धी किवी आणणाराच खातो), आणि रेक्टर सर प्रत्येक बादली उलटी करून बघत फिरतात. सगळ्या मजल्याला प्लेटलेट म्हणजे एक आकडा एवढंच माहीत असतं. कमी झाला की टेन्शन, वाढला की घरी फोन.

मित्रांनो, प्लेटलेटचं एक दुसरंही काम आहे आणि ते रिपोर्टमधल्या आकड्यात दिसत नाही. गेल्या वर्षी घरातल्या एका ऑपरेशनमुळे मला त्यात डोकं घालावं लागलं, आणि डोकं घातल्यावर लक्षात आलं की हा विषय जितका डॉक्टरांचा आहे तितकाच आपल्या मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचाही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडं जीवशास्त्र, घाबरू नका. शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण रक्तपट्टिका म्हणायचो त्याच ह्या प्लेटलेट. खरं तर ही पूर्ण पेशी नाहीच. हाडांच्या मगजात एक अवाढव्य पेशी असते, तिचे तुटून पडलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. केंद्रक नाही, आकार जेमतेम २ ते ३ मायक्रॉन, आयुष्य आठ-दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की ह्या तिथे चिकटतात आणि रक्त थांबवतात, हे काम बिझोझेरो नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्येच दाखवून दिलं होतं.

पण रक्त थांबलं म्हणजे जखम भरली असं नाही. रस्त्याला खड्डा पडला की पालिकेचा माणूस आधी बॅरिकेड लावतो. खडी, डांबर, रोलर हे नंतर येतं (कधी येतं ते विचारू नका). प्लेटलेटचं वैशिष्ट्य असं की बॅरिकेड लावणारा आणि कंत्राटदाराला फोन करणारा माणूस एकच असतो. तिच्या पोटात बारीक बारीक पुड्या असतात, त्यांना अल्फा ग्रॅन्यूल म्हणतात. प्लेटलेट जागी झाली की ह्या पुड्या फुटतात आणि त्यातून ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं बाहेर पडतात. एक म्हणतं, इकडे नवीन पेशी पाठवा. दुसरं म्हणतं, नवीन रक्तवाहिन्या काढा. तिसरं कोलॅजन तयार करायला लावतं. म्हणजे दुरुस्तीची सगळी वर्क ऑर्डर ह्या २-३ मायक्रॉनच्या तुकड्यात असते!

मग सर्जन लोकांच्या डोक्यात आलं की जी जखम भरायला तयार नाही तिथे ह्याच प्लेटलेट चौपट-पाचपट करून टाकल्या तर? हेच पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. १९८६ मध्ये अमेरिकेत नायटन आणि सहकाऱ्यांनी न भरणाऱ्या जुनाट जखमांवर रुग्णाच्याच प्लेटलेटमधून काढलेला द्रव वापरला. १९९८ मध्ये मार्क्स ह्या जबड्याच्या सर्जनने ८८ रुग्णांमध्ये हाडाच्या कलमाबरोबर पीआरपी वापरण्याचा अभ्यास छापला आणि तिथून हा शब्द सगळीकडे पसरला. पुढे २००१ मध्ये मार्क्सनेच कामचलाऊ व्याख्या दिली, ती अशी की मायक्रोलिटरला साधारण १० लाख प्लेटलेट असतील तर त्याला पीआरपी म्हणा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घरची गोष्ट. माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार. बारा-तेरा वर्षं शुगर. छाटणीच्या दिवसांत पायाला कसली तरी काडी लागली, पायाला संवेदना कमी असल्याने कळलंच नाही, आणि शेवटी एक बोट काढावं लागलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण टाके काढल्यावर जखम उघडी राहिली ती राहिलीच. दोन महिने ड्रेसिंग. खरड छाटणी तोंडावर आणि माणूस खाटेवर! त्यात "वरपर्यंत गेलं तर पाऊल काढावं लागेल" हे वाक्य एकदा घरात उच्चारलं गेलं होतं आणि ते कोणी विसरत नव्हतं. नाशिकच्या सर्जनने सगळं तपासून पीआरपी सुचवलं. मामांचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, रक्त आमचं, जखमपण आमची, मग पैसे कसले घेता?" डॉक्टर हसून म्हणाले, "फिरवायचे."

विनोद म्हणून सोडून देऊ नका, कारण उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. हे औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. ते दर वेळी, त्याच माणसाच्या रक्तापासून, तिथल्या तिथे तयार करावं लागतं. म्हणजे खाटेशेजारी एक छोटा कारखानाच, आणि त्याचं मुख्य यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज. कारखाना म्हटला की प्रोसेस कंट्रोल आला. इथे आपले कान टवकारले पाहिजेत.

प्रक्रिया अशी. मामांच्या हातातून साधारण ३० मिली रक्त काढलं. सुई जरा जाडच वापरतात, कारण बारीक सुईतून जोरात ओढलं की प्लेटलेटना धक्का बसतो आणि त्या वाटेतच फुटतात. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये आधीच एसीडी हे द्रावण असतं, त्यातलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. सीबीसीसाठी जी जांभळ्या टोपीची ईडीटीएची ट्यूब असते ती इथे चालत नाही, तिने प्लेटलेटचा आकार बिघडतो. रक्त फ्रीजमध्येही ठेवायचं नाही, थंडीने प्लेटलेट जाग्या होतात. (रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंशांवर, सतत हळूहळू हलवत ठेवतात आणि त्या पाचच दिवस टिकतात, तेही ह्यामुळेच. डेंग्यूच्या दिवसांत धावपळ का होते ते आता कळलं ना?)

मग पहिलं फिरवणं, ह्याला सॉफ्ट स्पिन म्हणतात. पावसाळ्यात रामकुंडावरचं गढूळ पाणी कळशीत भरून ठेवलं तर काय होतं? आधी वाळू बसते, मग गाळ, आणि बारीक माती मात्र किती तरी वेळ तरंगत राहते. रक्ताचंही तसंच. लाल पेशी ७-८ मायक्रॉनच्या आणि जड, प्लेटलेट २-३ मायक्रॉनच्या आणि हलक्या. स्टोक्सचा नियम आठवा. खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात. व्यास तिप्पट म्हणजे वेग नऊपट, वरून घनतेचा फरकही दुपटीच्या आसपास. म्हणजे ढोबळमानाने लाल पेशी वीसपट वेगाने खाली जातात. हळू फिरवून बरोबर वेळी थांबवलं की खाली लाल थर, वर पिवळसर प्लाझ्मा आणि त्यात अजून तरंगणाऱ्या प्लेटलेट. मधे पांढऱ्या पेशींचा पातळ पापुद्रा असतो, त्याला बफी कोट म्हणतात.

वरचा प्लाझ्मा निर्जंतुक सिरिंजने अलगद दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्यायचा आणि पुन्हा फिरवायचं, ह्या वेळी जोरात. हा हार्ड स्पिन. आता प्लेटलेटही तळाला बसतात. वरचा दोन-तृतीयांश भाग प्लेटलेट नसलेला प्लाझ्मा म्हणून बाजूला, आणि खालच्या एक-तृतीयांशात तळाचा साका हळुवार हलवून मिसळला की झालं पीआरपी. ३० मिली रक्तातून हातात येतं जेमतेम तीन-चार मिली! मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रचिता धुरत आणि त्यांचे सहकारी सुकेश ह्यांनी २०१४ मध्ये ह्या पद्धती पायरीपायरीने मांडणारा लेख लिहिला होता. माझं बरंचसं वाचन तिथूनच सुरू झालं, आणि परदेशी किटच्या जाहिराती वाचण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडलं.

आता मुख्य भानगड. लॅबमधल्या दादांना मी विचारलं, "दादा, पहिला स्पिन कितीवर?" ते म्हणाले, "पंधराशेवर, दहा मिनिटं." पंधराशे म्हणजे आरपीएम. मी विचारलं, "आणि रोटरची त्रिज्या?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "त्रिज्येचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि सगळा तिथेच आहे. यात्रेत गोल फिरणाऱ्या चक्रीवर आतल्या घोड्यावर बसा आणि मग बाहेरच्या घोड्यावर बसा. चक्रीचे फेरे तेवढेच, पण बाहेरच्याला जास्त फेकल्यासारखं होतं. पेशीला आरपीएम कळत नाही, तिला फक्त आपण किती पट जड झालो ते कळतं. ते किती पट म्हणजे जी, त्याचं सूत्र असं:

जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएमचा वर्ग

घाला आकडे. त्रिज्या १० सेमी, १५०० आरपीएम: सुमारे २५० जी. त्रिज्या १५ सेमी, तेच १५०० आरपीएम: सुमारे ३७७ जी. मशीन बदललं, तबकडीवरचा आकडा तोच, आणि जोर दीडपट! शिवाय आरपीएमचा वर्ग आहे, म्हणून १५०० चे ३०००  केले तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. पहिल्या स्पिनसाठी छापील पद्धतींमध्ये साधारण १०० ते ३०० जीच्या दरम्यानचे आकडे दिसतात. त्याच्या वर गेलात तर काय होईल? प्लेटलेटही लाल थरात जाऊन बसतील, आपण वरचा सुंदर पिवळा प्लाझ्मा उचलू, त्यात फारसं काही नसेल, आणि तो तसाच जखमेवर लावला जाईल. गंमत म्हणजे डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. चांगलं पीआरपी पिवळं, रिकामं पीआरपीही पिवळंच. रुग्णाने पैसे तेवढेच दिलेले असतात, वाटही तेवढीच बघितलेली असते.

त्या मशीनची त्रिज्या मी मोजली. इथे एक बारकावा आहे. त्रिज्या मोजायची ती शाफ्टच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत, आणि तीही ट्यूब आडवी झालेली असताना. कारण झोक्यासारखे कप असलेल्या रोटरमध्ये ट्यूब उभी असताना मोजली तर कमी भरते. ती आली १४ सेमी. म्हणजे १५०० ला ३५२ जी. दादा जरा गंभीर झाले. मग सर्जन सरांच्या परवानगीने कॉलेजच्या लॅबमधला नॉन-कॉन्टॅक्ट टॅकोमीटर नेला, रोटरला चकाकती पट्टी चिकटवली आणि झाकणाच्या काचेतून रीडिंग घेतलं. तबकडी म्हणते १५००, रोटर खरोखर फिरतोय १३८०. पुन्हा सूत्र: २९८ जी. म्हणजे दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या! उद्या कोणी मशीनचे कार्बन ब्रश बदलले, रोटर खरोखरच १५०० वर फिरायला लागला, तर "सेटिंग तेच" ठेवूनही पीआरपी बिघडलं असतं आणि कोणाला कारण सापडलं नसतं.

आणखी एक-दोन गोष्टी ज्या आपल्यालाच पटकन कळतात. समोरासमोरच्या ट्यूब वजनाने सारख्या हव्यात, नाहीतर थरथर होते आणि बसलेले थर पुन्हा ढवळले जातात. थांबवताना ब्रेक लावायचा नाही, आपोआप थांबू द्यायचं, कारण तेच. दहा मिनिटं सांभाळून वेगळं केलेलं शेवटच्या दहा सेकंदांत मिसळायचं ह्याला काही अर्थ नाही. तिरक्या कप्प्यांच्या रोटरपेक्षा झोक्याच्या कपांचा रोटर बरा, त्यात थर आडवे सरळ बसतात आणि सिरिंजने उचलायला सोपे जातात.

तयार पीआरपी लावण्याआधी त्यात थोडं कॅल्शियम क्लोराईड घालतात. सायट्रेटने बांधून ठेवलेल्या कॅल्शियमची भरपाई झाली की काही वेळात त्याची जेली होते, आणि ती जखमेवर पसरता येते. (गोठवण्यासाठी पूर्वी गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन वापरायचे. त्याने काही रुग्णांच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या, म्हणून ते मागे पडलं.) एकदा जाग्या झाल्या की प्लेटलेट बहुतेक माल पहिल्या दहा मिनिटांत आणि जवळजवळ सगळा तासाभरात बाहेर टाकतात. म्हणून जेली बनवून चहा प्यायला जायचं नाही! ह्याचाच एक भाऊ आहे पीआरएफ, २००१ च्या सुमारास फ्रान्समध्ये शूकरून ह्यांनी आणला. त्यात गोठणरोधक घालतच नाहीत, एकदाच फिरवतात आणि जाळीदार गाठ तयार मिळते. डेंटलला असलेल्या एखाद्या मित्राला विचारा, दाढ काढलेल्या खड्ड्यात ते भरतात.

आता प्रश्न, ह्याने खरंच फरक पडतो का? इथे मी थोडा थंड पाण्याचा शिडकावा करणार आहे. २०१६ मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेने जुनाट जखमांवरच्या दहा चाचण्या एकत्र तपासल्या, सगळे मिळून ४४२ रुग्ण. निष्कर्ष असा की मधुमेही पायाच्या जखमा भरायला पीआरपीची मदत होत असावी, पण पुरावा कमकुवत आहे, आणि इतर जखमांबद्दल काही सांगता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर विम्याने न भरणाऱ्या मधुमेही जखमांसाठी २० आठवड्यांपर्यंत ह्याचा खर्च मान्य केला. म्हणजे वेडगळपणा नाही, पण जादूही नाही. माझ्या अल्पमतीनुसार पुरावा विस्कळीत असण्याचं एक कारण आपण वर पाहिलं तेच आहे. दहा ठिकाणी दहा जी, दहा वेळा, दहा प्रकारच्या ट्यूब, आणि सगळ्यांचं नाव पीआरपी. मेस वेगवेगळ्या, पण सगळीकडे भाजीचं नाव "मिक्स व्हेज" असतं, तसं आहे हे.

आणि केसांसाठी, चेहऱ्यासाठी पीआरपीच्या ज्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात त्याबद्दल एवढंच की बघा कोण करतंय. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये "व्हॅम्पायर फेशियल" केलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाली, ते प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आलं. आपलंच रक्त म्हणून ते सुरक्षित, हे फक्त तोपर्यंतच खरं जोपर्यंत ट्यूबवर नाव आहे, सुई नवीन आहे आणि टेबल स्वच्छ आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी रूमवर प्रयोग करायला बसू नये, ही हात जोडून विनंती.

सर्जन सरांचं ह्याबाबत डोकं साफ होतं. पीआरपीच्या आधी त्यांनी पायाचा रक्तपुरवठा डॉपलरने तपासला, मेलेली कातडी काढली, शुगर ताब्यात आणली, जखमेवर भार येऊ नये म्हणून खास चप्पल दिली. पायात रक्तच पोचत नसेल तर वरून प्लेटलेट लावून काय करणार, खत टाकायचं आणि पाणी सोडायचं नाही असं ते होईल. हे उदाहरण मामांना लगेच पटलं. आठवड्याला एक अशी पाच वेळा जेली लावली. दर वेळी मी जखमेवरच्या पारदर्शक कागदावर सरांनी काढलेली बाह्यरेषा ग्राफ पेपरवर ठेवून चौकोन मोजायचो. सुरुवातीला अकरा चौ. सेमी, पाचव्या वेळी तीन, आणि त्यानंतर महिन्याभरात जखम बंद. त्यात पीआरपीचा वाटा किती आणि चपलेचा किती, हे एका मामांवरून सांगता येणार नाही. मामा मात्र सगळं श्रेय फिरवण्याला देतात.

आपल्या गावात म्हसरूळला १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत, आणि आपण मात्र दरवर्षी लाइन फॉलोअर रोबोटच बनवतो. ज्यांना बी.ई.च्या प्रोजेक्टला विषय हवाय त्यांनी इकडे बघा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश ह्यांच्या गटाने कागदाची चकती आणि दोरा घेऊन, आपण लहानपणी गुंडीत दोरा ओवून गरगर फिरवायचो तसला सेंट्रिफ्यूज केला. हाताने ओढून सव्वा लाख आरपीएम, खर्च अमेरिकन वीस सेंट. तपासणीसाठी थेंबभर रक्त असेल तर उत्तम. पण पीआरपीला तो चालणार नाही, कारण इथे अडचण वेगाची नाही, अडचण आहे ठरलेला कमी जोर ठरलेला वेळ धरून ठेवण्याची, तेही तीस मिलीसाठी आणि निर्जंतुक. स्वस्त, जी दाखवणारा, रोटर ओळखणारा, हळुवार थांबणारा सेंट्रिफ्यूज. शिवाय पीआरपीतला एक थेंब काउंटरवर घालून १० लाखांच्या आसपास आहे का ते दर वेळी बघायची सवय, त्याला तर नवीन मशीनही लागत नाही.

सध्या त्या लॅबमधल्या मशीनवर मी एक कागद लॅमिनेट करून चिकटवलाय. डावीकडे तबकडीवरचा आकडा, मधे खरा आरपीएम, उजवीकडे जी. परवा दादांचा फोन आला होता. वर्कशॉपमधून मशीन सर्व्हिसिंग होऊन आलंय, म्हणाले, "इंजिनिअर, येताना तो टॅकोमीटर घेऊन ये."